घरचा फाइल सर्व्हर: कोणतं हार्डवेअर घ्यावं, कोणत्या क्रमानं घ्यावं

चार फोन, दोन लॅपटॉप, एक जुना डेस्कटॉप आणि कपाटात तीन-चार पोर्टेबल हार्ड डिस्क. आज बऱ्याच मराठी घरांत डेटाची मांडणी अशीच असते. बारशाचे फोटो नेमके कोणत्या डिस्कवर आहेत, हे खात्रीनं कुणालाच सांगता येत नाही. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजनं अमर्याद फुकट साठवण बंद केली, १५ जीबीची मर्यादा आली आणि अनेक घरांत क्लाउडचं भाडं सुरू झालं. सगळ्यांच्या फाइल एका जागी ठेवणारी, घरातल्या प्रत्येक फोन-लॅपटॉपला नेटवर्कवरून दिसणारी आणि चोवीस तास चालू असणारी एक लहान पेटी हा त्यावरचा चांगला उपाय आहे. तोच घरचा फाइल सर्व्हर.

तो उभारायचं ठरलं की पहिला प्रश्न बहुतेक वेळा "प्रोसेसर कोणता?" हा असतो. माझ्या मते तो शेवटून दुसरा प्रश्न आहे. फाइल देणं-घेणं आजच्या कुठल्याही प्रोसेसरला जड जात नाही. घरचे फोटो जातात ते डिस्क मेल्यामुळे, दुसरी प्रत नसल्यामुळे किंवा विजेच्या दणक्यामुळे. म्हणून पैसेही त्याच क्रमानं खर्च करावेत: डिस्क, दुसरी प्रत, विजेचं संरक्षण, नेटवर्क, आणि मग उरेल त्यात पेटी. पुढच्या पायऱ्यांत पेटी मध्येच येते, कारण डिस्क किती आणि कोणत्या हे ठरल्याशिवाय ती निवडता येत नाही आणि ती ठरल्याशिवाय विजेचा हिशेब लागत नाही.

पायरी १: साठा मोजा

एक रविवार काढा आणि घरातल्या प्रत्येक उपकरणावर किती जागा भरली आहे ते वहीत लिहा. फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं आणि परत उतरवता येतील असे सिनेमे यांचे आकडे वेगवेगळे ठेवा. सिनेमे पुन्हा मिळतात. आजोबांच्या पंच्याहत्तरीचं चित्रण पुन्हा मिळत नाही. दुसरी प्रत फक्त न मिळणाऱ्या गोष्टींची करायची असल्यामुळे हा फरक पुढे पैसे वाचवतो.

वाढीचा अंदाज व्हिडिओवरून घ्या. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्येच लिहिलेलं असतं की सेकंदाला ३० फ्रेमचं फोर-के चित्रण मिनिटाला साधारण १७० एमबी घेतं आणि ६० फ्रेमचं साधारण ४०० एमबी. म्हणजे शाळेच्या स्नेहसंमेलनातला वीस मिनिटांचा नाच ६० फ्रेमनं टिपला तर ८ जीबी गेले. लग्नाचं सगळं कच्चं चित्रण फोटोग्राफरकडून मागून घेतलं तर शंभर-दीडशे जीबी सहज होतात.

एक उदाहरण घेऊ. आज सगळं मिळून १.१ टीबी आहे आणि वर्षाला २५० जीबी भर पडते. पाच वर्षांनी २.३५ टीबी होईल. डिस्क ८० टक्क्यांच्या वर भरू देऊ नये असं धरलं तर २.९ टीबी लागतील, म्हणजे बाजारातली ४ टीबीची डिस्क घ्यायची. ती जोडल्यावर विंडोजमध्ये ३.६३ टीबीच दिसेल. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून हा फरक. डिस्क खोटी नाही.

पायरी २: कामं ठरवा

फक्त फाइल, फोटोंचा बॅकअप आणि लॅपटॉपचा बॅकअप हवा असेल तर प्रोसेसरचा विचार इथेच संपला. टीव्हीवर जेलीफिनसारख्या सॉफ्टवेअरमधून सिनेमे बघायचे असतील आणि टीव्हीला ती फाइल जशीच्या तशी चालवता येत नसेल, तर सर्व्हरला व्हिडिओ चालता चालता रूपांतरित करावा लागतो. त्यासाठी इंटेलच्या प्रोसेसरमधली क्विक सिंक ही सोय फार उपयोगी पडते. १०-बिट एचईव्हीसी (जागा कमी घेणाऱ्या एका नव्या पद्धतीनं साठवलेला) व्हिडिओ पेलायला इंटेलचा सातव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर हवा.

सीसीटीव्हीचं चित्रण मात्र या पेटीवर आणू नका. कॅमेरे दिवसरात्र लिहीत राहतात आणि घरच्या फोटोंची डिस्क विनाकारण झिजते. त्यासाठी वेगळा डीव्हीआर असू द्या.

पायरी ३: डिस्क

इथे सर्वात जास्त वेळ द्या. दुकानात जायच्या आधी दोन संज्ञा पक्क्या माहीत हव्यात: सीएमआर आणि एसएमआर.

सीएमआर डिस्कमध्ये माहितीच्या पट्ट्या एकमेकींना न झाकता शेजारी-शेजारी असतात. एसएमआरमध्ये त्या कौलांसारख्या एकीवर एक थोड्या चढवलेल्या असतात. त्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त माहिती मावते, पण खालचं एक कौल बदलायचं तर वरची ओळच उचलावी लागते. एक पट्टी बदलताना पुढच्या पट्ट्या पुन्हा लिहाव्या लागतात. रोजच्या किरकोळ वापरात हे जाणवत नाही, कारण डिस्क नव्या फाइल आधी एका वेगळ्या भागात झटपट उतरवून घेते आणि सवडीनं जागेवर लावते. तो भाग भरला की लिहिण्याचा वेग कोसळतो. एकच माहिती दोन्हींवर ठेवणारी दोन डिस्कची जोडी असेल आणि एक बदलून नवी बसवली, तर कित्येक तास सलग लिहावं लागतं. नेमक्या तेव्हा एसएमआर डिस्क इतकी रेंगाळते की सॉफ्टवेअर तिला बिघडलेली समजून बाहेर काढू शकतं.

हा धोका कागदावरचा नाही. वेस्टर्न डिजिटलच्या रेड मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर आहेत, हे एप्रिल २०२० मध्ये उघड झालं. ही मालिका तर खास घरगुती सर्व्हरसाठीच विकली जात होती. त्यानंतर कंपनीनं सीएमआर डिस्कना रेड प्लस हे वेगळं नाव दिलं. म्हणून आज नुसती "रेड" न मागता "रेड प्लस" मागा. सीगेटमध्ये आयर्नवुल्फ आणि तोशिबामध्ये एन३०० या मालिका सीएमआर आहेत. सीगेट बाराकुडाच्या ४ आणि ८ टीबीच्या डेस्कटॉप डिस्क एसएमआर आहेत, आणि दुकानात स्वस्त म्हणून पहिल्यांदा त्याच पुढे केल्या जातात. डिस्कच्या वेष्टनावरचा मॉडेल क्रमांक वाचा आणि कंपनीच्या संकेतस्थळावरच्या तक्त्यात ते सीएमआर आहे का हे फोनवर तिथल्या तिथे बघा.

अशा नास डिस्कचा (नास म्हणजे नेटवर्कवरून फाइल देणारी पेटी) आणखी एक फायदा असा की एखादा भाग वाचता आला नाही तर ती साधारण सात सेकंदांत प्रयत्न सोडून तसं कळवते. साधी डेस्कटॉप डिस्क मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ झगडत बसू शकते. एकट्या डिस्कला ते चालून जातं, जोडीत चालत नाही.

पोर्टेबल, म्हणजे अडीच इंची यूएसबी डिस्क कायम जोडून सर्व्हर चालवायचा मोह होतो. त्यातल्या बहुतेक एसएमआर असतात. शिवाय काहींत यूएसबीचं सॉकेट थेट डिस्कच्याच सर्किटवर असतं, त्यामुळे सॉकेट मोडलं तर ती साध्या साटा केबलनं, म्हणजे संगणकाच्या आत डिस्क जोडतात त्या तारेनं, वाचता येत नाही. अशा डिस्क दुसऱ्या प्रतीसाठी ठीक आहेत. महिन्यातून एकदा जोडायच्या, भरायच्या, कपाटात ठेवायच्या.

एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली डिस्क, आवाज करत नाही, वीज कमी खाते आणि धक्के सोसते. साठा २ टीबीच्या आत असेल आणि खिसा परवानगी देत असेल तर खुशाल घ्या. त्याच्या पुढे मात्र घरच्या फोटोंसाठी फिरत्या डिस्कइतका किफायतशीर पर्याय मला दिसत नाही.

आता किती डिस्क घ्यायच्या? इथे माझं मत ठाम आहे. दोनच डिस्कचे पैसे असतील तर त्यांची आरशी जोडी, म्हणजे दोन्हींवर एकाच वेळी तीच माहिती लिहिणारी रेड १ (RAID 1; वरच्या 'रेड' मालिकेशी या नावाचा संबंध नाही) मांडणी, करू नका. एक डिस्क सर्व्हरमध्ये घाला आणि दुसरी वेगळी ठेवून तिच्यावर नियमित प्रत घ्या. आरशी जोडी एकाच संकटातून वाचवते: एक डिस्क मरणं. चुकून फोल्डर उडवला तर तो दोन्हींवरून त्याच क्षणी उडतो. वीज कोसळली, चोरी झाली किंवा खंडणीखोर व्हायरस शिरला तर दोन्ही एकदमच जातात. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या अशाच हल्ल्यात क्यूनॅप कंपनीच्या, इंटरनेटवर उघड्या ठेवलेल्या अनेक घरगुती पेट्यांमधल्या फाइल कुलूपबंद झाल्या. ज्यांच्याकडे वेगळी प्रत होती त्यांना पेटी पुसून पुन्हा सुरुवात करता आली. तीन डिस्कची ऐपत असेल तेव्हा दोनांची जोडी आणि तिसरीवर प्रत, हे उत्तम.

वेगळी प्रत शक्यतो वेगळ्या घरात ठेवा. बहिणीकडे, ऑफिसच्या कुलपाच्या खणात, गावच्या घरी, कुठेही चालेल. मुलगा किंवा मुलगी परदेशात असेल तर दोन घरांत दोन लहान सर्व्हर ठेवून एकमेकांची प्रत एकमेकांकडे पाठवता येते. ५० एमबीपीएस (सेकंदाला ५० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) अपलोड असेल तर सेकंदाला ६ एमबी जातात, म्हणजे दिवसाला पाचशे जीबीच्या आसपास. पहिली भरती प्रत्यक्ष डिस्क हातात देऊन करावी, पुढची रोजची भर इंटरनेटवरून जाते. आपल्याकडे बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ता मिळत नाही, म्हणून बाहेरून थेट घरी पोचता येत नाही. टेलस्केलसारखं खासगी जाळं ही अडचण सोडवतं. राउटरवर पोर्ट उघडून सर्व्हर जगाला दाखवण्यापेक्षा ते सुरक्षितही आहे.

खरेदी करताना तीन गोष्टी बघा. डिस्कचा सिरियल नंबर कंपनीच्या वॉरंटी पानावर टाकून ती भारतात वॉरंटीत आहे का ते पाहा, कारण बाहेरून आलेला माल स्वस्त मिळतो, पण इथे बदलून मिळत नाही. आयर्नवुल्फ आणि रेड प्लसला तीन वर्षांची वॉरंटी असते, त्यांच्या प्रो आवृत्त्यांना पाच वर्षांची. दुसरं, सीलबंद पिशवी. तिसरं, नवी डिस्क खरोखर नवी आहे का. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत सीगेटच्या वापरलेल्या डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं प्रकरण गाजलं. त्यांच्या नेहमीच्या नोंदींतले वापराचे तास शून्य केलेले होते, पण फार्म नावाच्या आतल्या नोंदीत खरे तास सापडले. ते कसे तपासायचे ते शेवटच्या पायरीत येईल.

पायरी ४: पेटी

आता पर्याय बघू.

घरात पडून असलेला जुना लॅपटॉप सुरुवातीला चांगला. वीज कमी खातो आणि बॅटरी असल्यामुळे दिवे गेले तरी बंद पडत नाही. पण आत बहुधा एकच डिस्क मावते, आणि चोवीस तास चार्जरला लावलेली जुनी बॅटरी फुगू शकते. टचपॅड वर उचललेला दिसला तर बॅटरी लगेच काढून घ्या. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये चार्जिंग ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावा.

रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक घ्यायचा तर ४ किंवा ५. पाय ३ मध्ये नेटवर्क आणि यूएसबी एकाच अरुंद वाटेनं जातात, त्यामुळे फाइल सर्व्हरसाठी तो उपयोगाचा नाही. २०१९ च्या पाय ४ पासून खरं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) नेटवर्क आणि यूएसबी ३ आलं. तरी डिस्क बहुधा यूएसबीनंच जोडावी लागते आणि पायच्या पोर्टमधून मिळणारी वीज मर्यादित असते. फिरती डिस्क स्वतःच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या खोक्यातच हवी. पाय, मूळ अडॅप्टर, डबी, कार्ड, डिस्कचं खोकं हे सगळं मिळून किती झालं ते बेरीज करून बघा. बऱ्याचदा त्या पैशात पुढचा पर्याय येतो.

तो पर्याय म्हणजे कार्यालयांतून निघालेला वापरलेला लहान पीसी: डेलचा ऑप्टिप्लेक्स, लेनोवोचा थिंकसेंटर, एचपीचा एलिटडेस्क. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, दिल्लीत नेहरू प्लेसला किंवा ऑनलाइन असे ढिगानं मिळतात. यातही दोन आकार असतात आणि फरक महत्त्वाचा आहे. अगदी पुस्तकाएवढ्या मायक्रो किंवा टायनी पेटीत साडेतीन इंची, म्हणजे डेस्कटॉपच्या आकाराची, डिस्क मावतच नाही, फक्त एक अडीच इंची आणि थेट मदरबोर्डवर बसणारी एम.२ एसएसडी मावते. त्याहून थोड्या मोठ्या, एसएफएफ म्हणवल्या जाणाऱ्या पेटीत साडेतीन इंची डिस्कसाठी एक, काहींत दोन जागा असतात. फाइल सर्व्हरसाठी एसएफएफच घ्या. आठव्या पिढीचा आय३ किंवा आय५, ८ जीबी रॅम, सिस्टिमसाठी लहान एसएसडी. बहुतेक घरांना मी हेच सुचवीन. दुकानात झाकण उघडून बघा: मदरबोर्डवर साटाची किती सॉकेट्स मोकळी आहेत, डिस्कला वीज देणारी तार आहे का, आणि डिस्क अडकवायची प्लॅस्टिकची खाच जागेवर आहे का. वापरलेल्या पेट्यांत ही खाच हमखास गायब असते.

इंटेलच्या एन१०० वर चालणाऱ्या नव्या लहान पेट्या २०२३ पासून मिळतात. चार कोअर, ६ वॅटचं डिझाइन, क्विक सिंक हाताशी. वीज वाचवायची असेल तर सुंदर प्रोसेसर आहे. मात्र स्वस्त मिनी पीसीत डिस्कला जागा नसते, तीच मायक्रोची अडचण. एन१०० घ्यायचाच तर साटा सॉकेट असलेला मदरबोर्ड आणि साधं कॅबिनेट असं जुळवून घ्या.

तयार नास, म्हणजे सिनॉलॉजी, क्यूनॅप, असुस्टोर वगैरेंच्या दोन डिस्कच्या पेट्या, महाग वाटतात. पण घरात संगणकाशी खेळायची हौस कुणालाच नसेल तर त्याच घ्याव्यात. सॉफ्टवेअर तयार मिळतं, फोनचं ॲप मिळतं, वीज कमी लागते. घेण्याआधी ते मॉडेल कोणत्या डिस्क स्वीकारतं ते कंपनीच्या यादीत पाहा. सिनॉलॉजीनं २०२५ च्या प्लस मॉडेलना आधी ठरावीक डिस्कचीच अट घातली होती आणि त्याच वर्षी ती सैल केली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नका.

रॅमबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे: दर टीबीला १ जीबी रॅम हवीच. घरच्या वापराला असा नियम नाही. ओपनमीडियाव्हॉल्ट हे फाइल सर्व्हरचं सॉफ्टवेअर अगदी थोड्या रॅमवर चालतं. ट्रूनास या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरला किमान ८ जीबी लागतात. ८ जीबी घ्या आणि पुढे जा.

यूएसबीनं जोडायच्या दोन किंवा चार डिस्कच्या खोक्यांत स्वतः आरशी जोडी करायची सोय असली तरी ती वापरू नका. खोकं बिघडलं की डिस्क दुसरीकडे वाचता येतीलच असं नाही. यूएसबीची जोडणी क्षणभर तुटली तरी जोडी विस्कटते. एकेकटी डिस्क म्हणून मात्र अशी खोकी चालतात.

स्वतः कॅबिनेट जुळवणार असाल तर एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, काटकसर नको. कॅबिनेटबरोबर फुकट येणारा बिननावाचा एसएमपीएस जाताना डिस्कनाही घेऊन जाऊ शकतो. ८० प्लस ब्राँझ दर्जाचा (म्हणजे वीज कमी वाया घालवणारा), नावाजलेल्या कंपनीचा, लहान क्षमतेचा घ्या. दोन डिस्कच्या पेटीला ६५० वॅटची गरज नसते. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना क्षणभर २०-२५ वॅट ओढते आणि नंतर ५ ते ८ वॅटवर येते. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: जुन्या चार पिनी मोलेक्स तारेवरून साटा वीज घेणारा जोड वापरायची वेळ आली तर त्याचं टोक नीट बघा. तारा प्लॅस्टिकमध्ये ओतून एकजीव केलेल्या जोडांत आत तारा सरकून शॉर्ट झाल्याचे, जळाल्याचे प्रकार बरेच आहेत. एकेक तार वेगळी दाबून बसवलेला, मागून झाकण उघडणारा जोड घ्या. नाहीतर जोड वापरूच नका.

पायरी ५: वीज, बिलाची आणि दणक्याची

हिशेब सोपा आहे. १० वॅट वर्षभर चोवीस तास म्हणजे ८७.६ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ८७६ रुपये. जुना डेस्कटॉप रिकामा बसूनही ५० वॅट खात असेल आणि लहान पीसी १५ वॅटवर भागवत असेल, तर फरक वर्षाला तीन हजारांच्या पुढे जातो. "घरात पडूनच आहे, फुकट आहे" म्हणून वापरलेला डेस्कटॉप पाच वर्षांत पंधरा हजारांची वीज जास्त खातो. शिवाय महावितरणचे दर टप्प्यांनी चढतात, त्यामुळे सर्व्हरचे युनिट तुमच्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्याच्या दरानं लागतात. प्लगमध्ये लावायचं वॅटमीटर घ्या आणि प्रत्यक्ष मोजा. जाहिरातीतल्या आकड्यांपेक्षा ते खरं.

यूपीएस ही चैन नाही. लिहिणं चालू असताना वीज गेली तर फाइलच नव्हे, पूर्ण डिस्कची रचना बिघडू शकते. ६०० व्हीए क्षमतेचा लाइन-इंटरॲक्टिव्ह (दाब थोडा खाली-वर झाला तर बॅटरीशिवायच सावरणारा) यूपीएस घरच्या सर्व्हरला आणि राउटरला मिळून पुरतो. त्यात बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी असते. ३०-३५ वॅटच्या भारावर ती पाऊण-एक तास खेचते. आपल्या हवेत दोन-तीन वर्षांत ती बदलावी लागेल हे धरून चाला.

घेताना मागची बाजू बघा: यूएसबीचं सॉकेट आहे का? साध्या यूपीएसना ते नसतं. ते असेल तर वीज गेल्याची बातमी सर्व्हरला कळते आणि बॅटरी संपण्याआधी तो स्वतःहून नीट बंद होतो. तयार नासमध्ये ही सोय असते, लिनक्सवर नेटवर्क यूपीएस टूल्स हे सॉफ्टवेअर ते काम करतं. यूएसबी नसलेला यूपीएस आधीच घरात असेल तर एक युक्ती आहे. यूपीएसवर नसलेल्या एखाद्या उपकरणाला, उदाहरणार्थ वायफायवरच्या स्मार्ट प्लगला, सर्व्हरनं दर मिनिटाला हाक मारायची. दहा मिनिटं उत्तर आलं नाही तर वीज गेली असं समजून बंद व्हायचं. मात्र राउटर यूपीएसवरच हवा.

घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडवर आहे ना ते पाहा. साध्या मोडमध्ये पालट व्हायला जो क्षण लागतो तो पंख्याला कळत नाही, संगणक मात्र त्यात बंद पडू शकतो. पेटीच्या बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याची सेटिंग असते, ती लावून ठेवा. मिनी पीसी घेण्याआधी ही सेटिंग त्यात आहे का हे विचारा, काहींत नसते.

अर्थिंगकडे दुर्लक्ष फार होतं. जुन्या चाळीत, वाड्यात, गावच्या घरात तीन पिनी सॉकेट असतं पण तिसऱ्या छिद्रामागे तारच नसते. पेटीच्या धातूला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर तो इशारा समजा. इलेक्ट्रिशियनला न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर आधी अर्थिंग, मग सर्व्हर.

विजेचा दणका नेटवर्कच्या तारेतूनही येतो. केबलवाल्यानं गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून तांब्याची इथरनेट तार ओढून जोडणी दिली असेल, तर मे महिन्याच्या वळवात जवळ वीज कोसळली की राउटरचं पोर्ट जातं आणि त्यामागे जोडलेलंही जाऊ शकतं. काचेच्या फायबरमधून असा दणका येत नाही. शक्य असेल तर थेट घरापर्यंत फायबर मागा.

पायरी ६: नेटवर्क

राउटरच्या मागची पोर्ट्स १०० एमबीपीएसची आहेत की गिगाबिट, एवढं एक बघा. अनेक फुकट मिळालेल्या राउटरांत ती १०० चीच असतात. १०० च्या पोर्टवर सेकंदाला ११-१२ एमबी जातात, १ टीबी हलवायला अख्खा दिवस लागतो. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबी, तेच काम अडीच तासांत. राउटर बदलायची गरज नाही. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच (नेटवर्कच्या तारा एकमेकींना जोडणारी डबी) घ्या, सर्व्हर आणि डेस्कटॉप त्याला जोडा आणि स्विचची एक तार राउटरला.

केबल कॅट ५ई किंवा कॅट ६, पण शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल तितक्याच ऐटीत विकली जाते. टोकाची एक तार ब्लेडनं खरवडून बघा, आत चांदीसारखी चकाकली तर परत करा. भिंतीतून आधीच तार गेलेली असेल तर दोन्ही टोकांचे जोड उघडून आठही तारा बसवल्या आहेत का पाहा. जुन्या कामांत चारच बसवतात, आणि गिगाबिटला आठही लागतात. त्यामुळेच नवा स्विच लावूनही वेग १०० वरच अडकतो. २.५ गिगाबिट एका फिरत्या डिस्कसाठी गरजेचं नाही, फुकट मिळालं तर घ्या.

पायरी ७: जागा

डिस्क ४५ अंशांच्या खाली राहावी. चालू डिस्क खोलीपेक्षा सहज दहा अंश गरम असते. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात बंद टीव्ही युनिटमध्ये ठेवलेली पेटी काय होईल, हे त्यावरून कळेल. मोकळ्या शेल्फवर, जमिनीपासून वर, मागे-पुढे वारा खेळेल अशी ठेवा. माळ्यावर नको, फ्रिजवर नको, कोकणात खिडकीजवळच्या दमट कोपऱ्यात नको. पंख्यांच्या आणि रिकाम्या स्लॉटच्या भोकांना बारीक जाळी लावा. धुळीइतकाच पालीचाही त्रास असतो, एसएमपीएसमध्ये शिरलेली पाल शॉर्ट करते.

पायरी ८: फोटो टाकण्याआधी तपासणी

डिस्क बसवली की तिची स्मार्ट नोंद, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचा. लिनक्सवर स्मार्टसीटीएल, विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो. ९ क्रमांकाची ओळ वापराचे तास दाखवते, नव्या डिस्कवर ती शून्याच्या आसपास हवी. सीगेटची असेल तर स्मार्टसीटीएलच्या नव्या आवृत्तीत फार्म नोंदही वाचता येते, तिथले तास आणि हे तास जुळायला हवेत. ५, १९७ आणि १९८ या ओळी खराब झालेल्या भागांच्या. तिन्ही शून्य हव्यात. १९९ वाढत असेल तर बहुधा डिस्क ठीक असून साटाची केबल सैल किंवा खराब आहे, ती बदला.

मग स्मार्टसीटीएलमधून डिस्कची स्वतःची लांब चाचणी लावा. ४ टीबीला रात्रभर लागते. ती पास झाली की पूर्ण डिस्क एकदा भरून, वाचून बघा आणि वरच्या ओळी पुन्हा वाचा. ५ किंवा १९७ मध्ये काहीही चढलं तर दुकानदाराकडे बदलून मागा. पहिल्या आठवड्यात ते सोपं असतं, नंतर कंपनीच्या वॉरंटीचा फेरा सुरू होतो.

यानंतर दोन तालमी करा. थोड्या फाइल टाका, दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, मूळ फोल्डर उडवा आणि प्रतीवरून परत आणा. हे न करता बॅकअप आहे असं समजू नका. दुसरी तालीम: यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा आणि सर्व्हर स्वतःहून नीट बंद होतो का, वीज आल्यावर चालू होतो का ते बघा.

सगळं जमलं की प्रत्येक डिस्कच्या दिसणाऱ्या कडेवर तिच्या सिरियल नंबरचे शेवटचे चार अंक आणि खरेदीचा महिना लिहिलेली पट्टी चिकटवा. बिघाड झाला की सॉफ्टवेअर सिरियल नंबरच सांगतं, आणि दोन सारख्या दिसणाऱ्या डिस्कमधली चुकीची बाहेर निघू नये म्हणून ही पट्टी लागते. पासवर्ड आणि प्रत कुणाकडे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला दाखवून, घराच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये लिहून ठेवा.